‘अधीन असा’ हे सांगितलंय कोणाला?

लग्नसराईत मराठी चर्चमध्ये एक अध्याय हमखास वाचला जातो: बायबलच्या नव्या करारातल्या, प्रेषित पौलाच्या इफिसकरांस पत्राचा पाचवा. वाचन बहुधा बाविसाव्या वचनापासून सुरू होतं. स्त्रियांनो, आपापल्या पतीच्या अधीन असा. त्यावर नवरीला थोडा उपदेश, नवरदेवाला एखादी कोपरखळी, आणि पुढे पंगतीत तोच वाद पुन्हा. एक बाजू म्हणते, पुरुषाला देवानेच मस्तक नेमलंय, त्यात बोलायचं काय? दुसरी म्हणते, पौल दोन हजार वर्षांपूर्वीचा माणूस, ते त्या काळापुरतं, सोडून द्या. पहिल्या बाजूला अर्धं वाक्य पुरतं, दुसरीला तेवढंही नको असतं. आणि घरात शेवटचा शब्द कोणाचा, या ज्या प्रश्नावर दोघं भांडतात, तो प्रश्न पौलाने त्या अध्यायात विचारलेलाच नाही.

या लेखाची बाजू आधीच सांगून ठेवलेली बरी. पत्नीने पतीच्या अधीन असावं असं नव्या करारात लिहिलेलं आहे, तेही एकाहून अधिक पत्रांत. ते पुसून टाकता येत नाही. पण पत्नीला अधीन करून घे, असं पतीला एकाही ठिकाणी सांगितलेलं नाही. जिने द्यायचं तिला सांगितलंय. वसुलीचा हक्क कोणाच्या हाती दिलेला नाही. शिवाय हे देणं एकतर्फीही नाही. बाविसाव्या वचनाच्या डोक्यावर एकविसावं आहे, ‘एकमेकांच्या अधीन असा’ असं सांगणारं, आणि व्याकरणाने ही दोन वचनं एकमेकांपासून तोडता येत नाहीत.

ते व्याकरण जरा जवळून पाहण्यासारखं आहे. पौलाने वचनांना आकडे घातले नव्हते; नव्या कराराला आज दिसतात ते आकडे रोबेर एतियेन या फ्रेंच मुद्रकाने १५५१ मध्ये छापले. मधली ठळक शीर्षकं त्याहून अलीकडच्या संपादकांची, आणि अनेक आवृत्त्यांत ‘पती आणि पत्नी’ अशा अर्थाचं शीर्षक नेमकं एकविसाव्या आणि बाविसाव्या वचनाच्या मध्ये येऊन बसतं. वाचणारा साहजिकच शीर्षकापासून सुरुवात करतो. आता मूळ ग्रीक बघा. इ.स. २०० च्या सुमाराचं पॅपिरस ४६ आणि चौथ्या शतकातलं व्हॅटिकन हस्तलिखित या दोन्हींत बाविसाव्या वचनाला क्रियापदच नाही. शब्दशः ते एवढंच आहे: ‘स्त्रियांनी आपापल्या पतीच्या, जसं प्रभूच्या’. काय करायचं? ते वरच्या वचनात आहे. इतर हस्तलिखितांत क्रियापद सापडतं, पण कुठे एका रूपात, कुठे दुसऱ्या, कुठे वाक्यात आधी, कुठे नंतर. म्हणजे नकलनविसांनी अर्थ सोपा व्हावा म्हणून ते नंतर भरलं, हे उघड दिसतं. आणि एकविसाव्यातलं क्रियापदही स्वतःच्या पायावर उभं नाही. मुख्य आज्ञा अठराव्या वचनात आहे, ‘आत्म्याने भरून जा’, आणि तिच्यामागे पाच धातुसाधितांची रांग लागते: बोलत, गात, वाजवत, उपकार मानत, एकमेकांच्या अधीन होत. मराठी माणसाला ही रचना समजावून सांगायला नको. गात, टाळ वाजवत, नाचत दिंडी चालली, असं आपण रोज बोलतो. त्यातला ‘नाचत’ एवढाच शब्द उचलून त्याचा हुकूम केला तर दिंडीचं जे होईल, तेच बाविसाव्या वचनाचं झालं आहे.

इथे समोरच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा येतो, आणि तो टाळून चालणार नाही. ‘एकमेकांच्या’ म्हणजे प्रत्येकाने प्रत्येकाच्या, असा अर्थ दर वेळी होतोच असं नाही. नव्या करारातल्याच प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायात लोक ‘एकमेकांना’ ठार मारतात. तिथे मारणारा आणि मरणारा परस्पर असू शकत नाहीत. शिवाय पौल पुढे तीन जोड्या देतो: पत्नी आणि पती, मुलं आणि आईबाप, दास आणि धनी. बापाने मुलाच्या अधीन व्हावं असं कोणी म्हणत नाही, मग पहिल्याच जोडीत परस्परता कशी घुसवता? आणि ‘अधीन होणं’ यासाठीचा ग्रीक शब्द, हुपोतास्सो, बहुतेक सगळीकडे खालच्याने वरच्याशी कसं असावं यासाठीच येतो. हे तिन्ही आक्षेप खरे आहेत. समतावादी मंडळी ‘परस्पर अधीनता’ हा शब्द सगळ्या कुलुपांची किल्ली असल्यासारखा वापरतात, ते घाईचं आहे.

पण तिसरी जोडी शेवटपर्यंत वाचा. सहाव्या अध्यायाच्या पाचव्या वचनापासून दासांनी मनापासून सेवा कशी करावी हे सांगून झाल्यावर नवव्या वचनात पौल धन्यांकडे वळतो आणि पहिलंच वाक्य लिहितो: तुम्हीही त्यांच्याशी तसंच वागा. परस्परता जिथे असूच शकत नाही म्हणता, तिथेच त्याने ती लिहून ठेवली आहे. या याद्या त्या काळी नव्या नव्हत्या. ॲरिस्टॉटलच्या राज्यशास्त्राच्या पहिल्या भागात घराच्या याच तीन जोड्या आहेत: धनी आणि दास, पती आणि पत्नी, बाप आणि मुलं. तिथे बोलणं मात्र फक्त वरच्याशी आणि खालच्यांबद्दल. कोणावर कशा प्रकारचं राज्य करावं, एवढाच विषय. रोमन कायद्यात कुटुंबकर्त्या पुरुषाची सत्ता तर लेकरू टाकून देण्यापर्यंत जात होती. अशा जगात पौल प्रत्येक जोडीत आधी खालच्याशी बोलतो, त्यांना स्वतःचं मन असलेली माणसं धरून, आणि मग वरच्याला सत्ता देण्याऐवजी लगाम घालतो. पत्नीशी तीन वचनं. पतीशी पंचविसाव्यापासून जवळजवळ अध्याय संपेपर्यंत. आणि त्या सगळ्या वचनांत ‘सत्ता चालव’, ‘निर्णय घे’, ‘ताब्यात ठेव’ यातलं एकही क्रियापद नाही. ‘प्रीती करा’ आहे, ‘स्वतःला दिलं’ आहे, ‘पोसतो’ आहे.

मग तेविसाव्या वचनात पतीला पत्नीचं ‘मस्तक’ म्हटलंय, त्या शब्दाचं काय? यावर गेल्या सत्तर वर्षांत इतकी शाई खर्ची पडली आहे की त्यातून एक गंमत कळते: दोन्ही बाजूंना हवा होता तो अर्थ सापडत गेला. १९५४ मध्ये स्टीफन बेडेल या इंग्रज अभ्यासकाने सुचवलं की केफाले या ग्रीक शब्दाला ‘उगम’ अशीही छटा आहे. पुढे काहींनी ती एवढी ताणली की ‘अधिकार’ हा अर्थ जणू नव्हताच. १९८५ मध्ये वेन ग्रुडेम यांनी २,३३६ उदाहरणं चाळून उलट बाजू मांडली, आणि त्यावर उत्तरांची आणि प्रत्युत्तरांची माळ लागली. प्रामाणिकपणे बोलायचं तर ‘अधिकार’ हा अर्थ नाकारता येत नाही. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात, शास्त्यांच्या पुस्तकात, गिलादचे लोक इफ्ताह या योद्ध्याला आपलं ‘मस्तक’ करतात ते काही उगम म्हणून नव्हे, आणि याच इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात ख्रिस्त सर्वांवर मस्तक आहे असं म्हटलंय. पण कोशातला अर्थ कितीही खरा असला, तरी लिहिणारा त्या शब्दाकडून वाक्यात काय करून घेतो हे बघावंच लागतं. चौथ्या अध्यायात मस्तकापासून शरीराला वाढ मिळते. पाचव्यात मस्तक शरीराचा तारणारा आहे, आणि एकोणतिसाव्या वचनात तो शरीराला खाऊ घालतो आणि ऊब देतो. ‘ऊब देणं’ यासाठी जो शब्द आहे तो नव्या करारात आणखी एकाच जागी आलाय, थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात, आणि तिथे तो आपल्या लेकरांना कुशीत घेणाऱ्या दूधपाजणीसाठी आहे. नवऱ्याला मस्तक म्हणून त्याच्या हाती दिलेली क्रियापदं ही अशी, आईची.

मराठी कानाची इथे वेगळी अडचण होते. मस्तक म्हटलं की आपल्याला कुटुंबप्रमुख ऐकू येतो, आणि गावाकडे बायको नवऱ्याला ‘मालक’ म्हणते, ‘घरधनी’ म्हणते, तो सगळा भार त्या एका शब्दावर येऊन बसतो. गंमत अशी की घरधनी या शब्दाला ग्रीकमध्ये चपखल जोड आहे, आणि पौलाच्या नावे असलेल्या तीमथ्याच्या पहिल्या पत्रात, पाचव्या अध्यायाच्या चौदाव्या वचनात, त्याच शब्दाचं क्रियापद येतं. कोणासाठी? तरुण विधवांसाठी. त्यांनी लग्न करावं, मुलं वाढवावीत आणि घरधनीपण करावं. याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायात मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) अध्यक्षाने आपलं घर नीट चालवावं असं आहे, हे पुरुषसत्तेच्या बाजूने नेहमी पुढे केलं जातं. तिथेही अधीन ठेवायची ती मुलं आहेत, बायकोचं नाव नाही. आणि कुटुंबप्रमुखाचंच म्हणाल तर २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या तेराव्या कलमाने रेशनकार्डावर घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी बाई प्रमुख ठरवली. सरकारी दप्तरात घराचं मस्तक बदललं, आणि त्यामुळे कोणाचा संसार मोडल्याचं ऐकिवात नाही.

अधिकार हा शब्दच हवा असेल तर तोही आहे. पती-पत्नीच्या नात्यासंदर्भात अधिकारवाचक शब्द पौलाने एकाच ठिकाणी सरळ वापरला: करिंथकरांस पहिलं पत्र, सातवा अध्याय, चौथं वचन. पत्नीच्या शरीरावर तिचा अधिकार नाही, पतीचा आहे. त्या जगातल्या कुठल्याही पुरुषाने इथवर मान डोलावली असती. मग पुढचं अर्धं वचन: तसाच पतीच्या शरीरावर त्याचा अधिकार नाही, पत्नीचा आहे. त्या काळात हे लिहिणं म्हणजे काय, याची कल्पना करायची तर एवढं पुरे की रोमन कायद्याच्या लेखी विवाहित पुरुष दासीकडे किंवा वेश्येकडे गेला तर तो व्यभिचार धरलाच जात नसे. पाचव्या वचनात तर पौल निर्णय कसा घ्यायचा त्याची रीतच सांगतो. दूर राहायचं असेल तर दोघांच्या संमतीने, ठरावीक काळापुरतं, प्रार्थनेच्या कारणासाठी, आणि मग पुन्हा एकत्र. संमती, मुदत, कारण, परत येणं. जोडप्याने एखादी गोष्ट ठरवायची कशी याची नव्या करारात एवढी तपशीलवार कृती दुसरीकडे नाही, आणि तीत कोणाकडेही जादा मत नाही.

आता येशूचा शिष्य पेत्र. त्याचं पहिलं पत्र, तिसरा अध्याय: सारा अब्राहामाची आज्ञा पाळत असे आणि त्याला धनी म्हणत असे. पौल मुलांना आणि दासांना जो ‘आज्ञा पाळा’ हा शब्द लावतो आणि बायकांना लावायचं टाळतो, तोच इथे साराला लावलाय. हा पुरावा समोरच्या बाजूचा आहे आणि पक्का आहे. पण पेत्र लिहितोय कोणाला? ज्यांचे नवरे वचन मानत नाहीत अशा बायकांना. ग्रीक लेखक प्लुटार्कने त्याच सुमारास नवदांपत्याला केलेल्या उपदेशात लिहिलं की पत्नीने पतीच्याच देवांना भजावं आणि परके पंथ दाराबाहेर ठेवावेत. म्हणजे पेत्राच्या या बायकांनी सर्वांत मोठी आज्ञा आधीच मोडलेली आहे, आणि पेत्र त्यांना ती पुन्हा पाळा असं म्हणत नाही. ज्या घरात त्यांचं काहीच चालत नाही तिथे जीव आणि विश्वास दोन्ही सांभाळून कसं राहावं, हे तो सांगतोय. या पार्श्वभूमीवर जो ख्रिस्ती नवरा आपल्या ख्रिस्ती बायकोपुढे हे वचन आपटतो, तो स्वतःला कोणाच्या जागी बसवतो? आपल्याकडचंच उदाहरण घ्या. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो घेतला पाच वर्षांनी, स्वतःच्या पायांनी चालत जाऊन. पती मस्तक म्हणून पत्नीचा विश्वासही त्यानेच ठरवायचा असता तर ती पाच वर्षं बंडाची म्हणावी लागतील. तसं कोणी म्हणत नाही. नव्या करारातल्या सप्पीरेची गोष्टही इथे आठवावी. हनन्याने जमिनीच्या किमतीबद्दल खोटं सांगितलं, तीन तासांनी त्याच्या बायकोला वेगळं उभं करून तोच प्रश्न विचारला गेला, आणि तिने नवऱ्याचीच री ओढली. नवऱ्याने सांगितलं म्हणून, ही सबब तिच्या कामी आली नाही.

दासांच्या जोडीकडे परत येऊ, कारण खरी कसोटी तिथे लागते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामगिरीचं समर्थन करणारे पाळक इफिसकरांस पत्राच्या याच पानावर बोट ठेवत: दासांनो, आपल्या धन्यांच्या आज्ञेत राहा. त्यांचा अर्थ शब्दाला धरून होता, हे विसरू नये. १८४५ मध्ये सदर्न बॅप्टिस्ट संघ वेगळा निघाला तो गुलाम बाळगणाऱ्यांना मिशनरी नेमावं की नाही या वादातून. त्या संघाने गुलामगिरीतल्या आपल्या वाट्याबद्दल १९९५ मध्ये ठराव करून माफी मागितली, आणि तीनच वर्षांनी, १९९८ मध्ये, आपल्या श्रद्धाविधानात नवं कलम घातलं की पत्नीने पतीच्या सेवकवृत्तीच्या नेतृत्वाला आनंदाने अधीन व्हावं. एकाच पानावरची दोन वचनं. एक काळाचं ठरलं, दुसरं सर्वकाळचं. याला त्यांचं उत्तर आहे आणि ते उडवून लावण्यासारखं नाही: गुलामगिरी उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या आरंभी नव्हती, लग्न होतं; तीमथ्याच्या पत्रात आदाम आधी घडवला गेला असा आधारही दिलेला आहे. पण इफिसकरांस पत्रात पौल उत्पत्तीचं जे वचन उद्धृत करतो ते कोणतं? ‘पुरुष आपल्या आईबापांना सोडून आपल्या स्त्रीशी जडून राहील.’ सोडायचं पुरुषाने आहे. आपल्याकडे माहेर सोडते ती नेहमी मुलगीच, म्हणून या वचनातला कर्ता कोण आहे इकडे आपलं लक्षच जात नाही. ‘तो तुझ्यावर सत्ता चालवील’ हे वाक्य येतं ते उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात, पापाचे परिणाम सांगताना, काटेकुसळे आणि घाम यांच्या शेजारी. काट्यांना देवाची इच्छा मानून कोणी खुरपणी थांबवली नाही. त्याच वचनाच्या पहिल्या भागात प्रसूतीच्या वेदना आहेत. १८४७ मध्ये एडिंबरोच्या जेम्स सिम्पसन यांनी बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरला तेव्हा त्यांना धार्मिक आक्षेपांना उत्तर देणारी पुस्तिका काढावी लागली. आज कोणता पाळक बाळंतिणीला भूल नाकारायला सांगेल? मग वचनाचा पहिला अर्धा भाग परिणाम आणि दुसरा आज्ञा, हे कसं?

हा सगळा पाश्चात्त्य स्त्रीवाद, आपल्या मातीत न रुजणारा, असं एक हुकमी वाक्य इथे ऐकायला मिळतं. इतिहास जवळजवळ उलटा आहे. पतीच्या अधिकाराचा कायदा आपल्याकडे जहाजातून आला, आणि त्याच्यावर चर्चचा शिक्का होता. मुंबईत १८८४ मध्ये दादाजी भिकाजींनी रखमाबाईंवर दावा लावला, लहानपणी लग्न झालेल्या बायकोने नांदायला यावं म्हणून. वैवाहिक हक्क पुन्हा मिळवून देण्याचा हा दावा हिंदू धर्मशास्त्रातला नव्हता. तो इंग्लंडच्या चर्च न्यायालयांतला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ मध्ये तो फेटाळला, अपिलात निकाल फिरला, आणि १८८७ मध्ये रखमाबाईंपुढे पर्याय आला: नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंग. त्यांनी तुरुंग चालेल म्हटलं. पुढच्या वर्षी तडजोड झाली म्हणून तो टळला. ज्या इंग्लंडमधून हा कायदा आला तिथे मात्र यासाठी तुरुंगात टाकणं १८८४ मध्येच बंद झालं होतं, आणि १९७० मध्ये हा दावाच रद्द झाला. आपल्याकडे तो हिंदू विवाह कायद्यात आहे आणि ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यातही आहे. त्या १८६९ च्या कायद्याचं दहावं कलम तर नमुनेदार होतं: पतीला घटस्फोटासाठी पत्नीचा व्यभिचार पुरे, पत्नीला मात्र पतीच्या व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता, दोन वर्षं टाकून जाणं असं आणखी काही सिद्ध करावं लागे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ही विषमता घटनाबाह्य ठरवली, संसदेने २००१ मध्ये कलम बदललं. एकशेबत्तीस वर्षं ‘मस्तक’ असं कायद्यात बसलेलं होतं. उलट आपल्या मातीतला आवाज ऐकायचा तर पंडिता रमाबाईंचा ऐकावा. १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर दोनच वर्षांनी, आज्ञापालनाचा आग्रह धरणाऱ्या सिस्टर जेराल्डीन यांना त्यांनी कळवलं की भारतीय पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टाने झुगारलंय, आता तसंच दुसरं मानेवर घेणार नाही. याच बाईंनी पुढे केडगावला हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणलं.

कॅथलिक परंपरेचा प्रवासही इथे बोलका आहे. १९३० मध्ये पोप अकरावे पायस यांनी पती मस्तक, पत्नी हृदय अशी मांडणी केली, आणि पती कर्तव्यात चुकला तर कुटुंब चालवण्याची जागा पत्नीने घ्यावी हेही लिहून ठेवलं. १९८८ मध्ये पोप दुसरे योहान पौल यांनी स्पष्ट केलं की ख्रिस्त आणि मंडळीच्या नात्यात अधीनता एकाच बाजूची, पण पती-पत्नीच्या नात्यात ती परस्पर आहे. जुन्यात शोधायचं तर चौथ्या शतकातला प्रवचनकार सुवर्णमुख योहान (क्रिसोस्तोम) आहेच. बायकोने बरोबरी मागू नये असं तो म्हणतो, आणि त्याच प्रवचनात विचारतो की जिथे बायको नवऱ्यापुढे थरथर कापते तो कसला संयोग? दासाला भीतीने बांधता येईल, सोबतिणीला नाही.

अधिकारवाद्यांचा आणखी एक मुद्दा आकड्यांचा आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ ब्रॅडफर्ड विल्कॉक्स यांना दिसलं की नियमित चर्चला जाणाऱ्या इव्हँजेलिकल (सुवार्तावादी प्रोटेस्टंट) नवऱ्यांत घरातल्या मारहाणीचं प्रमाण सर्वांत कमी आहे. मस्तकाची शिकवण माणसाला हिंसक करते, हा सरसकट आरोप त्यामुळे टिकत नाही. पण त्याच अभ्यासात सर्वांत जास्त प्रमाण सापडलं ते नावापुरत्या इव्हँजेलिकल नवऱ्यांत, जे चर्चला क्वचित जातात. हे दोन्ही एकत्र ठेवा. स्वतःला देणं, पोसणं, ऊब देणं ही शिकवण टिकायला दर रविवारी बाकावर बसावं लागतं. ‘मी मस्तक आहे’ एवढं मात्र एकदा कानावर पडलं की जन्मभर पुरतं. त्या शिकवणीतला तोच भाग सर्वांत हलका, खिशात घालून कुठेही नेता येणारा.

म्हणून पाळकांच्या हातात जे आहे ते त्यांनी बदलावं. वाचन अठराव्या वचनापासून सुरू करावं; फक्त चार वचनं वाढतात. लग्नाआधीच्या समुपदेशनात ‘अधीन राहशील का’ हे मुलीला विचारण्याआधी मुलाला विचारावं की तिच्या नोकरीची बदली झाली तर तू काय सोडशील, पगार कोणाच्या खात्यात जाईल, आईचं आणि बायकोचं पटेनासं झालं तर वेगळं घर घेशील का. नेमकी, पैशांची आणि पत्त्याची उत्तरं घ्यावीत; ‘प्रार्थना करून ठरवू’ हे उत्तर धरू नये. मारहाणीची तक्रार आली तर दोघांना एकत्र बसवायची चूक हमखास होते. नवऱ्यासमोर ती खरं बोलत नाही, आणि बोललीच तर घरी गेल्यावर त्याची भरपाई करावी लागते. तिच्याशी एकटीशी बोलावं, २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा सर्व धर्मांच्या बायकांना लागू आहे हे सांगावं, संरक्षण अधिकाऱ्याचा पत्ता हातात द्यावा. त्या कायद्याखाली घरात राहण्याचा हुकूम तिला मिळतो. ‘सहन कर, तो बदलेल’ असा सल्ला द्यायला पेत्राचं पत्र काढणाऱ्याने आधी त्याच अध्यायाचं सातवं वचन नवऱ्याला वाचून दाखवावं: पत्नीचा मान ठेवला नाही तर तुझ्या प्रार्थनांत अडथळा येईल. आणि विवाह निबंधकासमोर लग्न लागत असेल तर १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यातली शपथ मुद्दाम ऐकावी. दोघांनी एकामागून एक म्हणायचं तेच वाक्य. बदलतो तो फक्त पती आणि पत्नी हा शब्द. १६६२ च्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात नवरीच्या वाट्याला ‘आज्ञा पाळीन’ असा जादा शब्द होता. त्यानंतर दोनशे दहा वर्षांनी, त्याच इंग्रजांच्या राजवटीत, कायदा लिहिणाऱ्याला तो घालावासा वाटला नाही.

तरी उरतो तो रोजचा प्रश्न. दोघांचं पटलंच नाही तर? दोन मतांत बरोबरी झाली की कोणी तरी ठरवायला नको का? पहिली गोष्ट, बहुतेक तंटे थांबता येण्याजोगे असतात. घर विकणं, गाव बदलणं, कर्ज काढणं, यातलं काहीच आज संध्याकाळी ठरवायचं नसतं. थांबण्याचा खर्च बहुधा चुकीच्या हुकमापेक्षा कमी येतो. जे खरोखर थांबत नाही तिथे, उदाहरणार्थ रात्री दोन वाजता लेकराला ताप चढतो तेव्हा, ज्याला त्यातलं कळतं त्याचं ऐकलं जातं, आणि घरोघरी ते आधीपासूनच तसं चाललंय. अधिकारवादी मात्र उत्पत्तीचा तिसरा अध्याय उघडतात: ‘तू आपल्या बायकोचं ऐकलंस’ म्हणून आदामाला शाप मिळाला, बघा. बघूच. पेत्राने जिला आदर्श म्हटलं त्या साराने अब्राहामाला ‘धनी’ म्हटल्याची उत्पत्तीत एकच जागा आहे, अठराव्या अध्यायात, आणि तिथे ती तंबूच्या दाराआड मनातल्या मनात हसते आहे: माझा धनी म्हातारा झालाय, आता कसलं सुख! याच जोडप्याचं एकविसाव्या अध्यायात खरोखर अडलं. दासी हागार आणि तिला अब्राहामापासून झालेल्या मुलाला घालवून द्या, असं सारा म्हणाली. अब्राहामाला ते फार जड गेलं. साराचं म्हणणं दयेचं नव्हतं, आणि त्याची किंमत हागारने पाण्याची एक चामडी पिशवी खांद्यावर घेऊन रानात फिरत मोजली. पण मस्तकाने मत फिरवलं नाही आणि बायकोनेही नाही, अशा त्या घरात देव जे बोलला त्यातला शब्दप्रयोग हिब्रूत तिसऱ्या अध्यायातलाच आहे, फक्त आता तो आज्ञेच्या रूपात येतो: सारा तुला जे काही सांगते, ते ऐक.